ग्रॅमची काटकसर, मणाचं ओझं

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना अशा डोंगराळ राज्यांतल्या काही घरांतून स्वयंपाकाचा वजनकाटा नाहीसा होतो. शोधायला गेलं तर तो गॅरेजमध्ये सापडतो आणि त्याच्यासमोर चांगला पन्नाशी उलटलेला गृहस्थ मांडी ठोकून मोजे तोलत बसलेला असतो. एल्कच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला असतो. गाडीरस्ता सोडून पाच-सहा किलोमीटर आत डोंगरात शिरायचं, चार-पाच रात्री तंबूत काढायच्या आणि सगळा संसार पाठीवरच्या सॅकमध्ये. म्हणून प्रत्येक वस्तूचं वजन टिपलेलं. तंबूच्या खुंट्या टायटॅनियमच्या, चमचा टायटॅनियमचा. सुक्या जेवणाची पाकिटं फोडून साध्या पिशव्यांत भरलेली, कारण पाकिटालाही वजन असतं. टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापलेली. एवढं करून या हिशेबात एक वजन धरायचं राहतंच. ते कमरेच्या पट्ट्यावरून ओघळत असतं आणि त्याला अजून टायटॅनियमचा पर्याय निघालेला नाही.

नुसतं भटकायला जायचं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण हा निघालाय एल्क आणायला. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतातलंच, थोराड अंगाचं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. कातडं, आतडी, हाडं सगळं वजा घातलं तरी शंभरेक किलो निव्वळ मांस उरतं. म्हणजे ज्याने उन्हाळाभर खपून टूथब्रशचे चार ग्रॅम वाचवले, तोच माणूस डोंगरात जाऊन, देवा, माझ्या पाठीवर शंभर किलो घाल, अशी प्रार्थना करतो. लग्नपत्रिकेच्या कागदात शंभर रुपये वाचवून जेवणाला हजार पानं सांगणाऱ्या वधूपित्याचीच ही जात.

आपल्याकडे शिकारीची आठवण म्हणजे जुन्या वाड्यातला एक फोटो: मिशा, बंदूक आणि वाघावर ठेवलेला पाय. त्या फोटोत हाकेवाले, पाणके आणि मेलेलं जनावर बांबूला बांधून आणणारे गडी दिसत नाहीत. ते चौकटीच्या बाहेर धापा टाकत असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकारही गेली आणि मिशांचा तो उपयोगही. अमेरिकेतल्या सरकारी जंगलात परवाना काढून जाणारा शिकारी मात्र राजाही स्वतःच आणि गडीही स्वतःच. राजेपण गोळी सुटेपर्यंत टिकतं. त्यानंतर उरते ती निव्वळ हमाली.

या हमालीचं गणित चौथीच्या मुलालाही सुटेल. मांस शंभर किलो, गाडी सहा किलोमीटरवर आणि एका खेपेला पंचवीस किलो न्यायचे. चार खेपा भरून जायच्या, तीन रिकाम्या परत यायच्या. सहा सत्ते बेचाळीस. म्हणजे मॅरेथॉन झाली, आणि तीही डोंगरात. तंबू, अंथरूण-पांघरूण अजून वरच आहे, ते निराळं. त्यातून एल्क पडतो तो नेहमी खोल घळीत आणि गाडी असते नेमकी वरच्या धारेवर. म्हणून जाणते शिकारी नेम धरण्याआधी एक प्रश्न विचारतात: हा इथे पडला तर इथून बाहेर कसा काढायचा? पुष्कळदा उत्तर ऐकून बोट चापावरून मागे येतं. नवखे हा प्रश्न गोळी झाडल्यावर विचारतात.

जनावर पडल्यावर फोटोला फार वेळ मिळत नाही. एल्कचं कातडं जाड, केस दाट आणि आतली ऊब अशी टिकून राहते की रात्री थंडी पडली तरी मांडीच्या हाडापाशी मांस आंबू शकतं. म्हणून कातडं आधी उतरवायचं. पोट न फाडताही काम होतं. जनावर कुशीवर लोळवायचं, वरच्या बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही फरे सोडवायचे, कण्यालगतची लांब पट्टी काढायची, मग कूस बदलून पुन्हा तेच. तीनशे किलोंची कूस बदलणं हे वाक्यात सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकटा माणूस एल्कचा पाय खांद्यावर घेऊन उताराला रेटा देत असतो आणि लांबून कुणी पाहिलं तर कुस्ती कोण जिंकतंय ते सांगता येणार नाही. मांस सुती पिशव्यांत भरून सावलीत फांदीला टांगतात. प्लॅस्टिक चालत नाही. त्यात ऊब कोंडून मांस नासतं.

मग उचलायची वेळ. हाडासकट मागचा फरा कोवळ्या पोरासारखा कडेवर घेता येत नाही आणि भरलेली सॅक उभ्याने पाठीवर चढत नाही. ती चढणीला टेकवून ठेवायची, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, पट्टे आवळायचे, कुशीवर लोळून आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग एक पाय पुढे, हातातल्या काठ्यांवर भार, आणि आई गं! उभं राहिल्यावर पहिला विचार येतो तो हा, की वाटेत बसायचं नाही, कारण पुन्हा उठावं लागेल.

ही सॅक तयार व्हायलाही बराच काळ जावा लागला. 1920 च्या सुमारास अलास्कात गेलेल्या लॉइड नेल्सन नावाच्या गृहस्थाच्या पाठीवर तिथल्या मूळ रहिवाशांची काठ्या आणि कातड्याची पाठफळी आली. ती बोचत होती, म्हणून परतल्यावर त्याने लाकडी चौकटीवर कापड ताणून सुधारित पाठफळी बनवली. ‘ट्रॅपर नेल्सन’ म्हणून ती पुढे कित्येक वर्षं खपली. 1952 मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी ॲल्युमिनियमच्या चौकटी बनवायला लागला. पिशव्या त्याची बायको नीना घरी शिवायची. चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली की ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं, हे ध्यानात आल्यावर कमरेचा पट्टा आला. आजच्या शिकारी सॅकमध्ये पिशवी चौकटीपासून सुटी करून मधल्या फटीत मांस आवळून बांधता येतं. सोय उत्तमच. तोटा एवढाच, की पूर्वी जे ओझं उचललंच जात नसे ते आता उचललं जातं.

‘मांस बरंच आहे, थोडं राहू दे’ म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. अलास्कात मूस नावाच्या, एल्कहूनही थोराड हरणाची शिकार केली तर आपल्या खाटकाच्या भाषेत गर्दन, सीना, बरगड्या, चारही फरे, पाठ असं सगळं खाण्याजोगं मांस आणावंच लागतं. मोठ्या मूसचं ते सव्वादोनशे किलोंपर्यंत भरतं. काही भागांत ते हाडासकटच आणायचं, म्हणजे सोलून हलकं करायची पळवाटही बंद. आणि शिंगं? ती शेवटच्या खेपेला. आधी शिंगं नेऊन मांस कुजत टाकणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून हा नियम आहे, आणि त्यात शहाणपण आहे. पण चारचौघांना दाखवायची गोष्ट जेव्हा पाठीवर येते तेव्हा गडी पार मोडलेला असतो, आणि दीड मीटर रुंदीचा तो पसारा वाटेतल्या प्रत्येक झुडपाला गळामिठी घालत जातो.

मांसाचं व्यवस्थापन जमलं नाही तर काय होतं याची एक खिन्न करणारी नोंद 1992 मधली आहे. क्रिस मॅककँडलेस हा तरुण एकटाच अलास्काच्या रानात राहायला गेला होता. त्याने मूस मारला, धुरी देऊन मांस टिकवायची खटपट केली, पण त्यात किडे पडले आणि बहुतेक सगळं वाया गेलं. त्याचा पश्चात्ताप त्याच्या डायरीत आहे. त्याच उन्हाळ्यात तो उपासमारीने गेला.

एवढ्या कष्टांवर कुणीही सुचवेल, की एक चाकाची गाडी का नेत नाही? शिकारी गाड्या मिळतात, एका चाकाच्या, दोन चाकांच्याही. पण 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने राखलेल्या रानांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि त्यात हातगाडीही येते. माणसाने पाच हजार वर्षांपूर्वी लावलेला शोध फाटकापाशी ठेवून आत जायचं.

चार पायांना मात्र मनाई नाही. खेचर सत्तर किलो सहज नेतं, पण ते ज्याला हाकता येतं त्यानेच भाड्याने घ्यावं. नवख्याला उंटाच्या गोतातला लामा बरा. तो तीसेक किलो उचलतो, झाडपाला खाऊन राहतो आणि ओझं अति झालं की मुकाट्याने खाली बसतो. मग कितीही गोंजारा, हलत नाही. मोसमात लामांना मागणी असते, म्हणून नोंदणी आधीच करावी लागते, आणि एकटा लामा कळपाविना कासावीस होतो म्हणून निदान दोन-तीन घ्यावे लागतात. कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणाऱ्या साधारण पाचांपैकी चौघांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांचे लामा रिकाम्या पाठीने, ताजेतवाने, रवंथ करत डोंगर उतरतात. भाडं तेवढंच पडतं.