शांततेचा बाजारभाव

‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.’ हा पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या न्यूयॉर्कच्या जोडीचा पहिला अल्बम. ‘कोलंबिया’ कंपनीने तो १९ ऑक्टोबर १९६४ रोजी बाजारात आणला. लोकसंगीत म्हणजे ज्याचा कर्ता कोणाला ठाऊक नसतो ते संगीत. लोकप्रिय संगीत म्हणजे ज्याचा मालक सर्वांना ठाऊक असतो ते. हा अल्बम या दोन व्याख्यांच्या मधोमध पडतो.

१९५७ साली हीच जोडी ‘टॉम अँड जेरी’ या मांजर-उंदराच्या नावाने गात होती आणि एक गाणे थोडेफार गाजलेही होते. १९६४ मध्ये त्यांनी खरी आडनावे लावली. त्यामुळे वकिलांच्या पेढीसारखे भारदस्त नाव लाभले. पक्षकार मात्र येईनात.

अल्बममध्ये १२ गाणी आहेत. त्यांपैकी ५ सायमनची. उरलेल्यांत बॉब डिलनचे एक गाणे, पारंपरिक भक्तिगीते आणि एक लॅटिन प्रार्थना, म्हणजे कोणत्याही गिऱ्हाइकाने रिकाम्या हाताने परत जाऊ नये अशी मांडणी. मुखपृष्ठावर दोघे कोट-टाय घालून भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभे आहेत. गारफंकल सांगत असे की, मागच्या भिंतीवर अचकटविचकट मजकूर खरडलेला निघाल्याने बरीच छायाचित्रे बाद करावी लागली. लोककलेचा सर्वांत अस्सल नमुना तो होता. तेवढाच वगळण्यात आला.

यातले ‘द साउंड्स ऑफ सायलेन्स’ हे गाणे माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत, या विषयावरचे. श्रोत्यांनी ते न ऐकून त्याचा मुद्दा सिद्ध केला. सुरुवातीला अल्बमच्या सुमारे ३,००० प्रती खपल्या. सायमन इंग्लंडला गेला, गारफंकल कॉलेजला.

गायक वाटेतून बाजूला झाल्यावर प्रगतीला वेग आला. काही शहरांतल्या विद्यार्थ्यांनी रेडिओकडे त्या गाण्याची फर्माईश सुरू केली. विजेच्या गिटारवर वाजवलेल्या लोकगीतांना तेव्हा बरा भाव होता. म्हणून निर्माता टॉम विल्सन याने १५ जून १९६५ रोजी मूळ ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले. गायकांना विचारले नाही. वाजंत्री ठरवताना नवऱ्यामुलाला कोण विचारतो?

जानेवारी १९६६ मध्ये शांततेवरचे हे गाणे ड्रमच्या साथीने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जोडी पुन्हा एकत्र आली आणि त्याच महिन्यात दुसरा अल्बमही निघाला. कंपनीने पहिला अल्बमही पुन्हा बाजारात आणला. तो ‘बिलबोर्ड’च्या यादीत ३०व्या क्रमांकापर्यंत चढला. त्यात गाणे मूळ रूपातच होते. ड्रमच्या ओढीने आलेल्या गिऱ्हाइकाला शांतता मिळाली, तीही पूर्ण किमतीत.