केबल कितव्या नंबरची?

घरातले संगणक जोडणाऱ्या केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात. त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. ५ई नंबरच्या केबलमधून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट माहिती जाते. ६ मधूनही तेवढीच, मात्र अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर १० गिगाबिट. ६ए हा वेग १०० मीटरपर्यंत टिकवते. ८ नंबरची केबल २५ ते ४० गिगाबिटची, पण ३० मीटरपुरतीच. ती डेटा सेंटरसाठी बनवलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या घरमालकाला नेमकी तीच हवी असते. कारखान्याला ऊस घालणाऱ्या गावात मोठ्या आकड्याला मान असतो. प्रस्तुत लेखकही त्यातलाच. पाहुणे यायच्या आधी केबलवरचा छापील आकडा तो दर्शनी बाजूला वळवून ठेवतो.

पिळाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. पीळ दिलेल्या तारजोडीचे पेटंट टेलिफोनवाल्या बेलने १८८१ मध्ये घेतले. जोडीतल्या दोन तारांवर संकेत एकमेकांच्या उलट असतो, बाहेरचा गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. चारही जोड्यांना एकसारखा पीळ दिला, तर त्या एकमेकींचे बोलणे उचलतात. म्हणून प्रत्येकीचा पीळ वेगळा. एका वाड्यात राहून आपापला पीळ वेगळा राखणारी भावकी ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावावे लागत नाही. कनेक्टर बसवताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. वायरमनला नेमका तोच सरळ करण्याची हौस असते.

चीड यावी ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. खोक्यावर ६ छापलेले असते; ब्लेडने खरवडले की आत तार पांढरी निघते. ती वाकवताना तुटते आणि केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा जोडला की जास्त तापते. या केबलला गेलेले पैसे ऊसबिलातले असतात. पुण्याहून आलेल्या लेकीला घरूनच काम करता यावे, दोन दिवस जास्त राहता यावे, म्हणून बापाने माडीपर्यंत केबल ओढायला घेतलेली असते. मीटिंग अडखळली की ती रविवारीच कोल्हापूरची एसटी धरते.

घराला ६ नंबरची, अस्सल तांब्याची केबल पुरते. ती विजेच्या वायरीसोबत एकाच पाईपमध्ये घालू नये. वायर ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. पाईपमुळे उंदरांपासूनही बचाव होतो. लांबच्या गोठ्यापर्यंत तांबे नेऊ नये, वळवात विजा पडतात. तिथे काचेचा फायबर घालावा. काचेतून वीज वाहत नाही. कॅमेऱ्यातल्या म्हशीला पाच-दहा मेगाबिट पुष्कळ होतात.