सलाम घ्या, पण बाजूने जा

पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीच्या मेट्रो स्थानकात संध्याकाळी लिफ्टपाशी दहा मिनिटं उभं राहा. करमणूक फुकट आहे. लिफ्ट ज्येष्ठांसाठी, गरोदर बायकांसाठी आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी आधी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आत शिरणारे मात्र निम्मे थेट जिमला निघालेले असतात.

जिममध्ये जिना चढायचं मशीन असतं. त्याचे महिन्याचे पैसे भरलेले असतात. इथला फुकटचा जिना ओस.

तेवढ्यात एक व्हीलचेअर येते. आतले सगळे एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. पाण्यापासून कचऱ्यापर्यंत कुठल्याही प्रश्नावर आपल्या शहरात एवढी एकजूट दिसलेली नाही. त्यातलाच एक सज्जन सांगतो, "पुढच्या फेरीला या ना, गर्दी आहे."

गर्दी म्हणजे तोच की!

हे स्थानक 1 ऑगस्ट 2023 ला फुगेवाडी ते सिव्हिल कोर्ट या टप्प्याबरोबर सुरू झालं. लिफ्ट आली, गाडी फलाटाच्या पातळीला आली. सरकारने आपलं काम केलं, असं म्हणायची वेळ आपल्यावर क्वचित येते. आली, तर नेमके आपणच आडवे.

मेट्रोतून सुटलात? आता फूटपाथ.

फूटपाथवर दुचाक्या चढतात, म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले जातात. दुचाकीवाला हँडल तिरकं करून दोन खांबांमधून निसटतो. व्हीलचेअरला तिरकं होता येत नाही. गुन्हा एकाचा, नाकाबंदी दुसऱ्याची.

उताराचं गणित तसं सोपं. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार हवा. आपल्याकडचा दुकानदार फूटभर उंचीला दोन फुटांचा उतार ठोकतो आणि छाती फुगवून सांगतो, "आमच्याकडे रॅम्प आहे." आहे ना. रात्री बुलेट आत घेण्यापुरता आहे.

आणि जिथे उतार खरोखर नीट असतो, तिथे?

"पाचच मिनिटं हं!"

उतारावर गाडी लावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतं. पाच मिनिटांत एटीएम होतं, भाजी होते, दाढी होते, दाढी करता करता राजकारणही होतं. व्हीलचेअरवाला तोवर काय करतो, हा प्रश्न कुणाला पडत नाही. तो बसलेलाच तर असतो!

मोबिलिटी स्कूटर हा शब्द आपल्याकडे अजून कॅटलॉगमध्येच आहे. रस्त्यावर दिसते ती मागे दोन जादा चाकं लावलेली नेहमीची स्कूटर. दापोडीत एका वडापावच्या गाडीपाशी परवा अशी स्कूटर थांबली. पुढे चाळिशीतला गृहस्थ, मागे त्याचा भाचा. गृहस्थाने दोन वडापाव सांगितले. गाडीवाल्याने भाच्याला विचारलं, "यांना तिखट चालतं का?"

गृहस्थच म्हणाला, "दादा, पाय गेलेत. जीभ शाबूत आहे."

मिरच्या जास्तीच्या मिळाल्या. उत्तर मात्र पुन्हा भाच्यालाच: "साहेब मजेशीर आहेत हां!"

बँकेत हेच, दवाखान्यात हेच, लग्नाच्या पंगतीत हेच. खुर्चीतल्या माणसाचं नाव, वय, आजार, आवडनिवड सगळं खुर्ची ढकलणाऱ्याला विचारायचं. माणूस बसला की त्याला ऐकू येणं बंद होतं, हा शोध नेमका कुणी लावला?

दुसरी जात मदतनिसांची. ही जास्त धोकादायक. विचारत नाहीत, थेट हँडल धरून ढकलायला लागतात. जिना चढणाऱ्या एखाद्या अनोळखी काकूंना न विचारता दंडाला धरून वर ओढून पाहा. पुढचा संवाद चौकीत होईल. खुर्ची ओढली की तेच परोपकार! "मदत करू का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? आणि "नको" ऐकून घ्यायला?

पाच मिनिटं तरी नक्कीच नाही.

तिसरे सल्लागार. ओळख ना पाळख, रांगेत मागे उभे राहून सुरुवात करणार: "काय झालं होतं? ॲक्सिडेंट का?" मग एक तेल, मग एक वैद्य, मग एक बाबा. शेवटी त्यांच्या मेव्हण्याच्या साडूला अगदी असंच होतं आणि आता तो पळतो. तो पळतो, यात नवल नाही. यांना टाळण्यासाठी कुणीही पळेल.

आता सलामीचं बघू. त्यात आपला हात कुणी धरू शकत नाही.

मुरलीकांत पेटकर हे नाव चित्रपटामुळे 2024 मध्ये घरोघरी पोचलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा मराठी जवान 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहला आणि भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक देऊन गेला. वेळ 37.33 सेकंद. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, अर्जुन पुरस्कार 2025 च्या जानेवारीत. पदकाला अर्धं मिनिट, दखल घ्यायला अर्धं शतक.

आणि आज दापोडीत तेच 50 मीटर व्हीलचेअरवरून, फूटपाथने जायचे असतील तर? विक्रम सोडा हो. निम्म्यात रस्त्यावर उतरावं लागेल, आणि उतरल्यावर मागून हॉर्न वाजेल: "मध्ये काय चाललाय?"

दापोडीहून हॅरिस पुलापलीकडे, खडकीत, जखमी जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. पाठीच्या कण्याला दुखापत झालेले जवान तिथे राहतात, खेळतात, पदकं आणतात. त्यांच्या शौर्यावर 26 जानेवारीला आपला कंठ दाटून येतो. 27 ला आपली गाडी उतारावर.

रंगांचीही कमतरता नाही. मेट्रोची ही मार्गिका जांभळी. 2025 च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने दिव्यांगांचा महोत्सव भरवला, त्याचं नावही पर्पल जल्लोष. गोव्यात पर्पल फेस्ट 2023 लाच सुरू झाला होता. उत्सव चांगलेच आहेत, तक्रार नाही. तीन दिवस टाळ्या. उरलेले 362 दिवस हॉर्न.

एसटीचंही ऐका. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, लालपरीचे सांगाडे इथे उभे राहतात. दिव्यांग प्रवाशाला एसटी तिकिटात 75 टक्के सवलत देते. भलं आहे. फक्त ते तिकीट काढायला आधी गाडीत चढावं लागतं, आणि पायऱ्या सगळ्यांना पूर्ण दराने.

बीआरटी बसचा निगडी-दापोडी मार्ग ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झाला. कल्पना झकास: थांब्याचा फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर, पायरीच नाही. पण आधी थांबा गाठावा लागतो. तिथवर पोचायचं झेब्रा पट्ट्यांवरून, आणि सिग्नल लाल असताना त्या पट्ट्यांवर उभं कोण असतं? वाचक सुज्ञ आहेत. काही जण तिथूनच हे वाचत असतील.

कायदा नाही, असं म्हणू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवास आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला केंद्राला बजावलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सुचवण्यापुरते नकोत, सक्तीचे करा. मुदत तीन महिने. सरकारचे तीन महिने आणि आपली पाच मिनिटं, दोन्ही घड्याळं एकाच दुकानातली.

व्हीलचेअरचा तिटकारा आहे म्हणावं, तर तसंही नाही. विमानतळावर जा. लेक न्यू जर्सीत, आईबाबा पहिल्यांदाच निघालेले, रोज सकाळी टेकडी चढणारे. तिकिटासोबत व्हीलचेअर सांगून ठेवलेली असते. गुडघे ठणठणीत, पण इमिग्रेशनची रांग चुकते, इंग्रजीची धास्ती राहत नाही आणि पुढचं विमान कुणीतरी हात धरून गाठून देतं. धास्ती खरी आहे, त्यांना सोबत हवीच. पण खरोखर पाय नसलेला प्रवासी मागे खुर्चीसाठी ताटकळतो, तेव्हा हे दोघे उतरून बॅगांच्या पट्ट्याकडे चक्क पळत असतात.

रांग चुकवायची असली की खुर्ची हवी. रांगेत खुर्ची दिसली की अडचण.

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत बिल्डरने उतार करून दिला होता. नकाशात होता म्हणून केला. त्यावर आधी कुंड्या आल्या, मग लहान मुलांच्या सायकली, मग कुणाचा तरी जुना सोफा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर. त्यांनी चार बैठकांत विषय काढला, चारही वेळा "बघू" झालं. मग अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. उतार एका दुपारीत मोकळा. वर रेलिंग, रेलिंगला ताजा रंग.

म्हणजे जमतं आपल्याला. प्रश्न फक्त गुडघा कुणाचा, एवढाच.

यावर अध्यक्षांच्या कौतुकाचा ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन आजींनी द्यावं, असा आग्रह झाला. त्यांनी दिलंही. बैठक गच्चीवर होती आणि लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, म्हणून फोनवरून दिलं.