स्वहस्ते जीर्णोद्धार

सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा राजवाडा, जेथे १५९८ साली जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, त्याचे महाद्वार चुन्याच्या भरवशावर अद्यापि उभे आहे. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील ज्या सद्गृहस्थाच्या हाती निवृत्तीनंतरची फुरसत, मोबाइलवरील चित्रफीत आणि सिमेंटचे अर्धे पोते ही सामग्री एकसमयावच्छेदेकरून येते, त्याची आजोबांच्या धाब्याच्या घराविषयी पहिली तक्रार हीच असते की, पूर्वजांस बांधकामातले काही कळत नव्हते. गवंड्याची मजुरी वाचविण्याच्या मसलतीने तो पांढऱ्या मातीच्या भिंतीस स्वहस्ते (आणि बनियनवर, कारण चित्रफितीतला इसमही तसाच असतो) सिमेंटचा गिलावा चढवितो. मग जी ओल मातीच्या भिंतीतून आजवर निमूटपणे वाऱ्यावर जात होती, ती आतच कोंडली जाऊन, दुसऱ्या पावसाळ्याअखेर तो गिलावा मालकाच्या पोटासारखा सुटतो. धाब्यावर दरसाल मृगापूर्वी खारी माती टाकण्याची वहिवाट अडाणीपणाची ठरून बंद होते, आणि तुळईस लागलेल्या वाळवीचा बंदोबस्त तैलरंगाने केला जातो, म्हणजे वाळवीस रंगीत निवारा मिळतो. अखेरीस गवंडी येतोच, आणि आधीचे काम खरवडून काढण्याची मजुरी वेगळी लावतो.