दाजींच्या विमानाचे तीन आकडे

कारखान्यात बनलेलं विमान विकत घेतलं की सोबत एक जाडजूड पुस्तक येतं. कितीला जमीन सोडायची, कितीला चढवायचं, कितीच्या खाली गेलं की विमान उडायला साफ नकार देतं, सगळं छापून तयार. कंपनीच्या पगारी वैमानिकांनी आधीच घाम गाळून ते आकडे काढलेले असतात. घरी बांधलेल्या विमानाचं पुस्तक मात्र ज्यानं विमान बांधलं त्यानंच लिहायचं, आणि लिहिण्यासाठी आधी उडायचं. म्हणजे कितीला पडतं ते ठाऊक नसलेलं विमान घेऊन, ते कितीला पडतं हे बघायला वर जायचं. जगात असली माणसं हजारोंनी आहेत. त्यांतले एक आमचे दाजी.

ताई-दाजी विस्कॉन्सिनला राहतात, आणि माझ्या मते सगळा दोष त्या राज्याचा आहे. पॉल पोबरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ साली तिथल्याच मिल्वॉकीत हौशी विमानवाल्यांची संघटना काढली आणि आज दर जुलैत ऑशकॉशला तिची जत्रा भरते. दाजी तिथे सहज म्हणून गेले आणि येताना घरी विमान बांधायच्या एका किटची माहितीपत्रकं घेऊन आले. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं हवं, तेही शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, असा अमेरिकेतला नियम आहे. ताईची गाडी जेवढी वर्षं गॅरेजबाहेर बर्फात उभी होती, तेवढी वर्षं दाजींची करमणूक चालू होती.

विमान तयार झाल्यावर आत एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं असून नेहमीच्या विमानांच्या सरकारी सुरक्षा-नियमांत बसत नाही, अशा अर्थाची. ती प्रवाशाला दिसलीच पाहिजे. इतकी प्रामाणिक पाटी मी एकाही एसटीत पाहिलेली नाही. शिवाय पहिले काही तास, म्हणजे इंजिन आणि पंखा ही मान्यताप्राप्त जोडी असेल तर साधारण २५ आणि नसेल तर ४०, प्रवासी नेताच येत नाहीत. “तुला आत्ता बसवता येणार नाही रे,” असं दाजी अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. मीही शक्य तितका चेहरा पाडला. अमेरिकन कायद्याविषयी माझ्या मनात त्या घटकेला जो आदर दाटून आला, तो आजही टिकून आहे.

हे तास संपले की बांधणाऱ्यानं वहीत सही करून तीन वेग लिहायचे असतात: फ्लॅप खाली सोडलेले असताना विमान कितीला स्टॉल होतं, म्हणजे मान टाकतं, कितीला सर्वांत उभा चढ चढतं आणि कितीला सर्वांत झपाट्यानं उंची गाठतं. सोबत त्या वेळचं वजन आणि गुरुत्वमध्य. आकडे तीनच. पण त्या तिघांनी ताईच्या घरातला तो उन्हाळा खाल्ला.

पहिला आकडा ऐकायला सोपा आहे. भरपूर उंचीवर जायचं, इंजिन मंद करायचं आणि दर सेकंदाला साधारण एक नॉट या हिशेबानं वेग कमी करत नाक वर धरायचं. एका क्षणी विमान थरथरतं आणि मान टाकतं. त्या क्षणी वेगाच्या काट्यावर काय होतं ते बघायचं, मग नाक खाली करून स्वतःला सावरायचं. मी खाली खुर्चीत बसून वर बघत असे. इंजिनाचा आवाज मंदावला की माझा श्वास थांबे आणि शेजारच्या हँगरमधले एक आजोबा शांतपणे कॉफी पीत राहत.

त्या आजोबांना आकडेमोडीची भारी घाई. उतरताना स्टॉलच्या १.३ पट वेग ठेवायचा, हे विमानवाल्यांचं पाठांतर. समजा काटा ४० वर असताना विमान स्टॉल झालं. “चाळीस गुणिले एक पूर्णांक तीन, बावन्न! लिहून टाक,” आजोबा म्हणाले. दाजी पांढरे पडले. हवेत पडले नव्हते इतके पांढरे.

त्याचं कारण असं. वेग मोजणारी पिटो नळी वाऱ्याकडे तोंड करून असते. आंरी पिटो या फ्रेंच माणसानं १७३२ साली ती सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला वापरली होती, आणि सेन नदी नाक वर करून वाहत नाही. विमान मात्र हळू जाताना नाक वर करतं, हवा नळीत तिरपी शिरते. त्यात बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक बांधणाऱ्यानं आपल्या सोयीनं कुठेतरी पाडलेलं. मग काटा खुशाल ४० दाखवतो आणि खरा वेग असतो ५०. काट्याची ही थाप हळू असतानाच मोठी. वेग थोडा वाढला की काटा खरं बोलू लागतो. म्हणजे ५२ ला उतरणारा माणूस खरोखरच ५२ ला उतरतो, आणि ५० ला विमान मान टाकतं. ५० ची १.३ पट ६५ होते. मधल्या तेरा नॉट्सवर दाजींचा जीव होता आणि ताईचं कुंकू होतं.

म्हणून आधी काट्याचीच परीक्षा. पहाटे वारा पडलेला असताना काटा एका आकड्यावर धरून चारही दिशांना सरळ उडायचं, जीपीएसवरचे चार वेग टिपायचे, सरासरी काढायची. वाऱ्यानं एकीकडे जे दिलं ते दुसरीकडे काढून घेतलं, त्यामुळे हिशेब जवळपास मिटतो. वर हवा विरळ असते, त्याची दुरुस्ती करायची. मग पुढच्या आकड्यावर पुन्हा चार दिशा. जमिनीवरून पाहणाऱ्याला वाटावं, याला घर सापडत नाहीये.

उरलेले दोन आकडे चढाचे. एका वेगानं हजार फूट चढायचं, स्टॉपवॉच लावायचं, खाली यायचं, वेग बदलून तेच हजार फूट पुन्हा चढायचे. या वर-खाली उड्डाणांना करवतीचे दाते म्हणतात. प्रत्येक वेगाला मिनिटाला किती फूट मिळाले ते आलेखावर मांडायचं. वक्राचा माथा हा झपाट्यानं चढण्याचा वेग. शून्यापासून त्या वक्राला स्पर्शरेषा ओढली की ती टेकते तो उभ्या चढाचा, धावपट्टीच्या टोकाशी झाडं असली की लागणारा. डायनिंग टेबलावर तो कागद पसरलेला आणि आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन पोहे खातोय, हे दृश्य नित्याचं झालं. ऊन तापलं की हवा उकळू लागते आणि बिंदू कागदभर उधळतात, म्हणून सगळं पहाटेच.

“त्या पलीकडच्या हँगरमधल्या माणसानं हाच किट बांधलाय ना? त्याचेच आकडे घ्या की,” मी सुचवलं. उत्तर ताईनं दिलं. “भिशीतल्या बाईच्या कुकरला तीन शिट्ट्या लागतात म्हणून माझी डाळ तीन शिट्ट्यांत शिजते का?” दाजींनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी ते फक्त इंजिनाकडे बघतात.

या तिघांखेरीज आणखीही वेग असतात. विमानाला जोराचे हिसके देण्याची वेगमर्यादा नुसत्या गणितानं निघते: फ्लॅप वर असतानाच्या स्टॉलच्या वेगाला भारमर्यादेच्या वर्गमूळानं गुणायचं. ३.८ च्या मर्यादेला सुमारे १.९५ पट. गंमत म्हणजे विमान हलकं असलं की ही मर्यादा खाली येते. आणि लाल रेघेचा, कधीच ओलांडायचा नाही असा वेग मोजायचाच नसतो. तिथे पंख-शेपटीची फडफड सुरू झाली की काही सेकंदांत तुकडे होऊ शकतात. डिझाइनर सांगेल तो आकडा गप ऐकायचा. दाजींनी आयुष्यात वाद न घालता मान्य केलेला हा बहुधा एकमेव आकडा.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची आख्यायिका आहे. त्यावर वाद घालणाऱ्यांपैकी कुणी ते कितीला स्टॉल झालं असं विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर खरंखुरं विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: गच्चीवरून खाली कसं आणलं? दाजींना भेटण्यापूर्वी माझाही तोच होता.

अखेर वहीत तीन वेग लिहिले गेले, शेजारी वजन आणि गुरुत्वमध्य, खाली सही. प्रवासीबंदी उठली. मी लगेच माझ्या कंबरेची तक्रार सुरू केली, ती अजून चालू आहे. दाजींचे तीन आकडे मात्र मी इथे मुद्दाम देत नाही. वाचकांपैकी कुणीतरी ते आपल्या विमानाला लावायचा.