पंधरा दिवस, नऊ ठिकाणे

अमेरिकेच्या पहिल्या सहलीचा आराखडा मराठी घरात साधारणपणे एखाद्या रविवारी जेवणानंतर तयार होतो, आणि घर बदलले तरी तो फारसा बदलत नाही. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, शिकागो, ऑर्लँडो, लास वेगास, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को अशी ठिकाणे नऊ; मंजूर झालेली रजा पंधरा दिवसांची. भागाकार केला की प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला पावणेदोन दिवसांना थोडे कमी येतात, आणि घरातल्या हिशेबी माणसाला ते पुरेसेही वाटतात. या भागाकारात दोन गोष्टी धरलेल्या नसतात. एक म्हणजे मुंबईहून तिथवर जाण्यायेण्यात खर्ची पडणारे दोन-तीन दिवस, आणि दुसरी म्हणजे अमेरिका.

हा देश क्षेत्रफळाने भारताच्या सुमारे तिप्पट आहे. एकटे टेक्सास राज्य महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर रस्त्याने सुमारे 4,500 किलोमीटर भरते. श्रीनगरहून निघालेला माणूस महामार्गाने कन्याकुमारीला पोचला तरी एवढी मजल पुरी होत नाही. उरलेले शेकडो किलोमीटर त्याला समुद्रातून काटावे लागतील. तरीही ‘लॉस एंजेलिसला जातोच आहोत तर जाता जाता शिकागो’ हे वाक्य रविवारच्या बैठकीत कोणीतरी उच्चारतेच. पुण्याहून महाबळेश्वरला जाता जाता वाईचा गणपती होतो, त्याची ही सवय.

नावांमुळे घोटाळा आणखी वाढतो. नायगारा न्यूयॉर्कमध्ये आहे हे खरेच. पण ते न्यूयॉर्क राज्य, शहर नव्हे. शहरापासून धबधबा सुमारे 650 किलोमीटरवर, मोटारीने जायलाच सहा-सात तास. सकाळी निघून रात्री परत येण्याचा पराक्रम करणारे आहेत. त्यांच्या आठवणीत धबधब्यापेक्षा वाटेतले पेट्रोल पंप जास्त ठळक असतात. शिवाय कॅलेंडरावर छापतात तो धबधब्याचा समोरचा, भरघोस देखावा कॅनडाच्या काठावरून दिसणारा असतो, आणि भारतीय पासपोर्टवर मधला पूल ओलांडायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या काठावरही पाणी अंगावर तेवढेच उडते, फक्त धबधबा बाजूने दिसतो. वॉशिंग्टनची गोष्ट निराळी. त्या नावाची राजधानी पूर्वेला आणि त्याच नावाचे राज्य पार पश्चिमेच्या टोकाला आहे. सिएटलमध्ये नोकरी करणारा भाचा ‘वॉशिंग्टनला असतो’ एवढ्या माहितीवर ज्यांनी मुक्काम ठरवला, त्यांना व्हाइट हाउस पाहून रात्री त्याच्याकडे वरणभाताला पोचण्यासाठी मध्ये पाच-सहा तासांचे विमान लागते.

खरे पाहता हा आराखडा भूगोलावर उभा नसतोच; तो नात्यांवर उभा असतो. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ 1969 पासूनचे. अशा मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही उत्तर अमेरिकेतली संस्था 1981 मध्ये स्थापन झाली आणि तिचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. याचा प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ असा की, ज्या शहरात कोणीच ओळखीचे नाही असे मोठे शहर अमेरिकेत शोधून सापडत नाही. सख्खी बहीण न्यू जर्सीत असते; तिच्यामुळे न्यूयॉर्क आपोआप ठरते आणि हॉटेलचा खर्च वाचतो. चुलत दीर शिकागोजवळ असतात, जवळ म्हणजे गाडीने तासभर. नऊ ठिकाणांच्या यादीत डलास नसते. पण डलासला मावसभाऊ असतो, आणि बातमी त्याच्यापर्यंत पोचायला एक रात्र पुरते. “एवढ्या लांब येणार आणि आमच्याकडे नाही येणार? इथून सगळं जवळच आहे.” डलास देशाच्या साधारण मध्यावर असल्याने तो खोटे बोलत नाही. तिथून न्यूयॉर्कही तीन-चार तास आणि सॅन फ्रान्सिस्कोही तीन-चार तास, तेही विमानाने. सगळेच सारखे लांब आहे, एवढाच त्या जवळचा अर्थ.

याच सुमारास व्हिसाचा विषय निघतो, आणि खरे तर तो सर्वांत आधी निघायला हवा. पर्यटकाने भरायचा अर्ज डीएस-160 या नावाने ओळखला जातो. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावास कार्यालयात होते, आणि तिच्या तारखेसाठी कधी काही आठवडे, कधी बरेच महिने थांबावे लागते. अमेरिकेचा 1952 चा कायदा प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला येतो आहे असे गृहीत धरतो. तसे नाही हे पटवण्याचे काम अर्जदाराचे. निवृत्त मुख्याध्यापकांना आयुष्यात प्रथमच आपण परत येणार असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ते निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराचा उतारा, मुलाच्या लग्नाचा अल्बम असे सगळे एका फायलीत लावून नेतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि फाईल बहुधा उघडलीच जात नाही. व्हिसा हाती येईपर्यंत पक्की तिकिटे काढू नयेत असा सरकारी सल्ला आहे. कोठे कोठे जाणार हे मात्र विचारले तर सांगता आले पाहिजे. म्हणजे बेत पक्का हवा आणि तिकीट कच्चे.

व्हिसा मिळाल्यावर पहिला शहाणपणाचा निर्णय दिशेचा. ज्या शहरात उतरायचे तिथूनच परतायचे, ही बांधिलकी विमान कंपन्यांनी घातलेली नाही. ती प्रवाशाने स्वतःवर घातलेली असते. न्यूयॉर्कला उतरून, पश्चिमेकडे सरकत जाऊन सॅन फ्रान्सिस्कोहून परतीचे विमान धरले तर अख्खा देश पुन्हा ओलांडण्याचा खर्च आणि जवळजवळ एक दिवस वाचतो. पंडिता रमाबाईंनी हेच केले होते. आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळताना पाहण्यासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला बोटीतून उतरल्या आणि 1888 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या. मधल्या सुमारे पावणेतीन वर्षांत त्यांनी देश पाहिला आणि 1889 मध्ये त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. आजचा प्रवासी तेवढ्याच पल्ल्यासाठी पंधरा दिवस राखून ठेवतो आणि ग्रंथाऐवजी रोज रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चाळीस फोटो टाकतो.

शहरांमधला प्रवास कशाने करायचा, यावर घरात दोन पक्ष पडतात. रेल्वेच्या पक्षात ज्येष्ठ मंडळी असतात, कारण रात्री बर्थवर झोपून सकाळी गावाला पोचणे हाच प्रवास, असे त्यांचे मत. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन या सुमारे 360 किलोमीटरच्या टप्प्यावर त्यांचे म्हणणे बरोबरही ठरते; गाडी तीन-साडेतीन तासांत पोचवते, आणि स्टेशने दोन्हीकडे शहराच्या पोटात आहेत. पुढे मात्र शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर नावाची गाडी सुमारे 3,900 किलोमीटरसाठी वेळापत्रकानुसार 52 तासांच्या आसपास घेते. रॉकी पर्वतातून जाणारी ही वाट अतिशय देखणी आहे. पण पंधरांपैकी दोन दिवस त्यात जातात. वाटेतले बहुतेक रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे असल्याने वेळापत्रक त्यांच्याही मर्जीवर असते. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ही गाडी जातच नाही. ती खाडीच्या अलीकडे एमरीविलला थांबते, आणि पुढचा टप्पा बसने.

मोटारीच्या पक्षात तरुण मंडळी. लॉस एंजेलिस हे शहर गाडीशिवाय पाहणे म्हणजे बराच वेळ बसथांबे पाहणे, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. लॉस एंजेलिस ते लास वेगास सुमारे 435 किलोमीटर, तिथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण तेवढाच लांब. रस्ता सरळ, रुंद आणि खड्ड्यांविना असल्याने मुंबई-गोवा महामार्गावर घडलेला चालक पहिला तासभर अस्वस्थ असतो. गाडी उजवीकडून चालवायची आणि स्टिअरिंग डावीकडे, हे तो दहा मिनिटांत शिकतो. इंडिकेटर मात्र आपल्या सवयीच्या उलट बाजूला असतो. त्यामुळे वाळवंटातल्या लखलखीत उन्हात प्रत्येक वळणावर ज्या गाडीचे वायपर सुरू होतात, तीत भारतीय चालक असल्याची शक्यता फार मोठी. एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर बऱ्याचदा जादा आकार पडतो, हे आरक्षणाच्या पानावर तळाशी लिहिलेले असते.

अखेर विमानच जिंकते, आणि तिथे बॅगांचा प्रश्न उभा राहतो. मुंबईहून येताना माणशी 23 किलोच्या दोन बॅगा बहुधा तिकिटातच येतात. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानांत बहुतेक कंपन्या पहिल्याच बॅगेपासून पैसे घेतात. त्या दोन बॅगांपैकी दीड बॅग प्रवाशाची नसतेच. तीत ‘जाताच आहात तर’ या सदराखाली आलेला गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि कोणाच्या तरी सुनेसाठी शिवलेले ब्लाउज असतात. यातले निम्मे सामान ज्या शहरात पोचवायचे ते शहर यादीत नसते. न्यू जर्सीला उतरल्या उतरल्या हे सगळे खोक्यात भरून अमेरिकेच्या टपालाने पुढे धाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. देणाऱ्याला तो कळू नये एवढीच काळजी घ्यायची.

घड्याळाचेही आपले एक अंदाजपत्रक असते. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या देशात चार प्रमाणवेळा आहेत; त्या रेल्वे कंपन्यांनी 1883 मध्ये आपल्या सोयीसाठी सुरू केल्या. न्यूयॉर्कहून सकाळी नऊला निघालेले विमान सहा तास उडून लॉस एंजेलिसला दुपारी बारालाच उतरते. हे तीन तास फुकट मिळाले असे वाटते. पूर्वेकडे परतताना ते वसूल होतात. रात्री अकराला निघून सकाळी सातला पोचणाऱ्या विमानाने हॉटेलची एक रात्र वाचते, असा हिशेब करणारे खूप. पोचल्यावर खोली दुपारी तीनला मिळते, आणि मधले आठ तास सहकुटुंब लॉबीतल्या सोफ्यावर जातात. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातले नावाहो लोकांचे क्षेत्र करते. अशा वेळी मोबाइल कोणती वेळ दाखवतो हे कोणत्या मनोऱ्याशी त्याचे जुळते यावर अवलंबून असते.

कपड्यांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलैत लास वेगासला पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि त्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोत धुक्यातल्या वाऱ्याने दात वाजतात. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन अशा समजुतीने आलेले पाहुणे गोल्डन गेट पुलावर अर्ध्या बाह्यांत उतरतात. तिथल्या दुकानांत शहराचे नाव छापलेले जाड सदरे मांडलेले असतात, आणि सहलीच्या फोटोंत सगळे कुटुंब अचानक एकाच गणवेशात दिसू लागते.

एवढे सगळे मांडून झाल्यावर कागदावर पुन्हा भागाकार होतो आणि शहरे गळायला लागतात. हा टप्पा सर्वांत कठीण, कारण शहर गाळणे म्हणजे माणूस गाळणे. ऑर्लँडो सर्वांत आधी जाते, कारण तिथे नातेवाईक नसतो, फक्त मिकी माऊस असतो आणि तो रागावत नाही. शिकागो वाचते ते चुलत दिरांमुळे. शिवाय विवेकानंद 1893 मध्ये ज्या इमारतीत बोलले ती आज आर्ट इन्स्टिट्यूट म्हणून उभी आहे आणि तिथला फोटो हवाच असतो. उरतात न्यूयॉर्क-वॉशिंग्टन, शिकागो आणि पश्चिमेतला एक तुकडा. हीच चार-पाच ठिकाणे पंधरा दिवसांत माणसासारखी पाहता येतात. डलासला फोन कोणी करायचा, यावर चिठ्ठ्या टाकतात.

अंमलबजावणी पहिल्या विमानतळावर सुरू होते. पुढचे विमान धरायचे असले तरी इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच; बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून मध्ये तीन तास असावेत. मांस, ताजी फळे, बियाणे नेऊ नयेत. हापूसला 2007 पासून अमेरिकेत प्रवेश आहे, पण विकिरणाची प्रक्रिया करून व्यापाऱ्यामार्फत. पिशवीतल्या हापूसचा वास घेण्यासाठी तिथे बीगल जातीची कुत्री नोकरीला ठेवलेली आहेत. खिडकीतला अधिकारी कोठे जाणार, किती दिवस, असे दोन-तीन प्रश्न विचारतो. घोकून पाठ केलेली चार शहरे त्याला सांगितली जातात. मग तो पर्यटकाला सहसा देतात तशी सहा महिने राहण्याची मुभा देतो. त्याच संध्याकाळी डलासहून फोन येतो, की आता सहा महिने मिळालेच आहेत, तर पंधराच दिवस कशाला.