अर्धा पेग

पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या अंगाला कसकसले वास यावेत, हे आपल्या समाजाने परस्पर ठरवून टाकलेलं आहे. सकाळी खोबरेल, पूजा झाली की चंदन आणि कापूर, स्वयंपाकघरातून बाहेर आली की फोडणी, रात्री गुडघ्याला चोळलेला बाम. लग्नकार्यात फार तर मोगऱ्याचा गजरा आणि मनगटावर कुणीतरी आग्रहाने फासलेलं अत्तर. या यादीत रम कुठेच बसत नाही. माझ्या अंगाला हल्ली रमचा वास येतो.

मी पीत नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोक समजूतदारपणे मान डोलावतात आणि जरा लांब सरकून बसतात. पिण्याला माझा काही तात्त्विक विरोध नाही, चव आवडली नाही एवढंच. वास मात्र फार आवडतो. टोरांटोच्या भाचीला हे ठाऊक होतं, म्हणून ती येताना एक बाटली घेऊन आली. रम, दालचिनी, व्हॅनिला आणि तळाशी पचौली. तिकडे अशा वासांचं आता एक घराणंच उभं राहिलंय. गेर्लां या फ्रेंच कंपनीने 2007 साली रम आणि व्हॅनिलाचं एक अत्तर काढलं, 2020 साली किलियान कंपनीने कोन्याक, दालचिनी आणि ओकच्या लाकडाचं काढलं. त्या दुसऱ्याचं नाव ‘एंजल्स शेअर’. पिंपात मुरत ठेवलेल्या दारूतला जो भाग दरवर्षी हवेत उडून जातो, त्याला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. देवाच्या नावाने हिशेब जुळता करण्याची सोय सगळ्याच संस्कृतींना सुचलेली दिसते.

अत्तराचा स्वभाव असा, की हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात. त्यामुळे एकाच फवाऱ्यात अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक भरलेलं असतं. पहिली दहा मिनिटं रमची. मग दालचिनी जागी होते. तासाभराने व्हॅनिला पसरते आणि संध्याकाळी घरी परतते तेव्हा अंगावर मुख्यतः पचौली उरलेली असते, ओल्या मातीची, जुन्या लाकडाची, किंचित कोंदट. गैरसोय एवढीच, की घराला कुलूप लावून लिफ्टने खाली येण्याची वेळ नेमकी त्या पहिल्या दहा मिनिटांत पडते. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका सकाळी दुधाची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले, त्यांनी एक श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज लवकरच?” हा प्रश्न माझ्या ऑफिसच्या वेळेबद्दल होता, असं मी धरून चालले. “हो, महिनाअखेर आहे ना,” असं उत्तरही दिलं. त्यावर त्यांनी सहानुभूतीने जो सुस्कारा सोडला, त्यावरून प्रश्न वेगळा असावा.

खरी गंमत पुढेच आहे. रमचा हा वास रमपासून येतच नाही. बाटलीत निम्म्याहून कितीतरी जास्त अल्कोहोल असतं हे खरं, पण ते निव्वळ ने-आण करणारं. अंगावर पडलं की मिनिटभरात उडून जातं. रमचा आभास निर्माण करायला अत्तरकार वेगळीच मंडळी कामाला लावतात. एक म्हणजे कोन्याक तेल. वाइन झाल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा जो गाळ बसतो, त्याचं ऊर्ध्वपातन करून ते काढतात. दुसरा दवणा. आपला दवणा! चैत्रात कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं उधळतात आणि देवाला वाहतात तो. कर्नाटक-आंध्राकडे त्याची शेती होते, तेल निघतं आणि परदेशी जातं. या तेलाचं वर्णन तिकडचे लोक मुरलेली फळं, सुकामेवा आणि त्यावर रमची धार, असं करतात. माझ्या अत्तरासोबतच्या माहितीपत्रकात दवण्याचं नाव पाहिलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. लिफ्टमधल्या काकांना जी ओल्ड मंक रम वाटली, ते देवाचं पान होतं. हे त्यांना समजावून सांगायला आमची लिफ्ट फारच लवकर तळमजल्यावर पोचते.

दवण्याबद्दल अत्तरकारांच्या धंद्यात असंही बोललं जातं, की तो प्रत्येकाच्या कातडीवर निराळा वास देतो. कुणावर जर्दाळू, कुणावर चहा, कुणावर थेट मद्य. माझ्या कातडीने यातलं तिसरं निवडलं, याचा दोष मी कुणाला देऊ?

व्हॅनिलाची गोष्ट निराळी. आमच्या सासूबाईंच्या राज्यात गोडाधोडाला वास दोनच, वेलदोडा आणि जायफळ. श्रीखंडात जायफळ, पुरणात जायफळ, बासुंदीत दोन्ही. नशा म्हणाल तर ती आमच्या घरात जायफळानेच येते. होळीला पुरणपोळी झाली की दुपारी सगळं घर आडवं, आणि त्या झोपेला कुणी व्यसन म्हणत नाही. व्हॅनिलाला या राज्यात फक्त पाहुणी म्हणून प्रवेश, तोही कस्टर्डच्या डब्यातून. त्यामुळे मी ऑफिसातून आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा विचारलं, “काय गं, कस्टर्ड केलं होतं का कुणी?” संशय चारित्र्याचा नव्हता, मला मिळालं आणि त्यांना नाही, याचा होता.

व्हॅनिला हे मूळचं मेक्सिकोतलं ऑर्किड. तिथून त्याच्या वेली जगभर नेल्या, त्या वाढल्या, फुलल्या, पण शेंगा काही धरेनात, कारण परागीभवन करणाऱ्या तिकडच्या माश्या कुणी बरोबर नेल्या नव्हत्या. हे कोडं सोडवलं ते 1841 साली, रेयुन्यों बेटावर, एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचे, बस. आजही जगातल्या बहुतेक व्हॅनिलाच्या शेतांत एकेक फूल याच पद्धतीने हाताने फळवतात. 1848 मध्ये त्या बेटावरची गुलामी संपली तेव्हा त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मळेवाल्यांनी केला, तो गरिबीतच गेला. आइस्क्रीम खाताना हे आठवू नये. मला आठवतं, आणि तरी मी खाते.

पुढे 1874 मध्ये दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं आणि व्हॅनिलाच्या वासाला शेंगेची गरज उरली नाही. त्या वासाच्या जोरावर 1925 साली पॅरिसमध्ये ‘शालिमार’ हे अत्तर आलं. लाहोरच्या शाहजहानी बागेचं नाव लावून. तिकडच्या बायकांना ते इतकं मोहक वाटलं, की साध्वी स्त्रीने लावू नये अशा वासांत त्याची गणना झाली. आमच्याकडचं कस्टर्ड तिथे जाऊन एवढं बदनाम झालं, याचं मला फार कौतुक आहे. आणि ओकच्या पिंपात दारू मुरते तेव्हा लाकडातला लिग्निन हळूहळू सुटतो आणि त्यातूनही हेच व्हॅनिलिन दारूत उतरतं. म्हणजे रम आणि व्हॅनिला यांची गाठ अत्तरवाल्यांनी घातली नाही, लाकडाने आधीच घातली होती. 1954 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ओल्ड मंकला व्हॅनिलाचा वास येतो, हे मला आमच्या घरातल्या एका जाणकाराने सांगितलं. तो जाणकार म्हणजे माझा नवरा. माझं अत्तर त्याला एवढं का आवडतं, हे त्या दिवशी कळलं. तोवर मी त्याचा अर्थ वेगळा लावत होते.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात दारू प्यायची तर कागदोपत्री आजही परवाना लागतो. मुळात हा 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजीभाई देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते आणि कायदाही त्यांच्याइतकाच कडक होता. त्यात मद्याची व्याख्या इतकी ऐसपैस, की अल्कोहोल असलेलं औषध आणि ओ-द-कोलोन ही सुद्धा तिच्यात सापडली. तेव्हा एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. त्यांच्या मागण्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर होती, तसं ओ-द-कोलोनही होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये दारूबंदी मोठ्या अंशी कायम ठेवली, पण अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. व्हिस्की गेली, कोलोन राहिलं. घटनेच्या वर्गात मूलभूत अधिकारांचा म्हणून हा निकाल शिकवतात. माझ्या लेखी तो ड्रेसिंग टेबलाचा निकाल आहे. मनगटावर फवारा मारताना मी बलसारांचं नाव घेत नाही, पण घ्यायला हरकत नाही.

शास्त्राकडे वळलं तर मात्र अडचण होते. घ्राणेन अर्धभोजनम्, वास घेतला की अर्धं जेवण झालं. हा न्याय पातळ पदार्थांनाही लावायचा तर सकाळी साडेआठलाच माझा अर्धा पेग होतो, आणि रिक्षात शेजारी बसणाऱ्याचा पाव.

पचौलीची वाट सगळ्यांत वाकडी. ही आपल्या पाचीच्या कुळातली वनस्पती. पाच, मरवा आणि दवणा, दादरच्या फुलवाल्या बायका वेणीत खोचतात ती हिरवी मंडळी. ओल्या पानांना वास जेमतेमच, तोडून सुकवली की खरा उतरतो, आणि काढलेलं तेल जुनं होईल तसं सुधारतं. वयाने सुधारणाऱ्या गोष्टींची यादी मी हल्ली काळजीपूर्वक जमवते आहे, ती फार वाढत नाही. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत ही पानं घालत. तिकडच्या बायकांना वाटलं, हाच अस्सल शालीचा वास. मग फ्रान्समध्ये नकली शाली निघाल्या तेव्हा व्यापाऱ्यांना त्या विकण्यासाठी मुद्दाम पचौली मागवावी लागली. कापड खोटं, वास खरा. पुढे हाच वास पॅरिसच्या नको त्या वस्तीतल्या बायकांचा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि घरंदाज बायकांनी तो सोडला. शंभरेक वर्षांनी हिप्पींनी उचलला आणि हणजुण्याच्या किनाऱ्यावर घेऊन आले. गोव्याच्या लोकांना तो आंघोळ न केलेल्या माणसाचा वास म्हणून माहीत झाला. 1992 मध्ये तिएरी म्युग्लेर यांच्या ‘एंजल’ या अत्तराने पचौलीला कॅरॅमलच्या वासाशेजारी बसवलं आणि ती पुन्हा बड्या दुकानांत दाखल झाली. इतकी वर्षं आमच्याकडच्या वेणीतली पाच बिचारी होती तिथेच होती. तिला कुणी चांगलंही म्हटलं नाही, वाईटही.

या सगळ्यात स्वतःचं नाक हा सगळ्यांत बेभरवशाचा साक्षीदार. अर्ध्या तासात ते वासाला सरावतं आणि आपल्याला वाटतं, उडालं वाटतं अत्तर. मग माणूस आणखी एक फवारा मारतो. लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी तुम्हाला जी भगिनी दाराशी असूनही खिडकीपर्यंत पोचते, ती उद्धट नसते, सरावलेली असते. म्हणून मी मनगटावर एकदाच मारते, दुसरा मारावासा वाटला तर तो शालीवर, कारण लोकरीवर पचौली आठवडा आठवडा टिकते.

आणि चांगली शाल एकच असली, की ती घरात फिरते. थंडी पडल्यावर सासूबाई ती पांघरून भजनी मंडळाला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी घाबरून म्हटलं, “आई, दुसरी काढून देते, हिला वास येतो.” “येऊ दे की,” त्या म्हणाल्या, “उबेला बरा आहे.” परत आल्या त्या खुशीत. हार्मोनियमवाल्या काकूंनी विचारलं होतं म्हणे, की हा वास कसला. माझा जीव गोळा झाला. “मग? काय सांगितलंत?”

“दवणा आहे म्हणून सांगितलं. जोतिबाचा. खोटं आहे का?”

“खोटं नाही.”

“बाकीचं कशाला सांगू? त्यांनी विचारलं नाही.” मग जरा थांबून, “त्यांना पण एकेक बाटली हवी आहे. तिघींना. केवढ्याला पडते?”

मी किंमत सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. “एवढ्यात अख्खं मंडळ जोतिबाला जाऊन येईल, जेवणासकट,” असं म्हणाल्या आणि उद्याच्या भजनासाठी शाल पुढे केली.